तीनदा साठवले, तीनदा संपले

वाचकाचं पत्र, थोडक्यात आणि ओळख लपवून: वय 27, नोकरीला पाच वर्षं झाली. सुरुवातीच्या मानाने पगार आता जवळजवळ दुप्पट आहे, पण महिन्याच्या 25 तारखेला खात्यात तेव्हाही काही नसायचं आणि आताही नसतं. तीन वेळा वेगळं खातं काढून पैसे साठवायला सुरुवात केली, तिन्ही वेळा ते मोडले, एकदा लॅपटॉप बंद पडला म्हणून, एकदा गाडीचा विमा आणि नव्या खोलीचं डिपॉझिट एकदम आलं म्हणून, एकदा जवळच्या मैत्रिणीच्या लग्नाला लांब जायचं होतं म्हणून. पगार 100 धरला तर राहणं, खाणं, येणंजाणं यात 52 जातात, घरी 15, क्रेडिट कार्डाचं मिनिमम, म्हणजे दर महिन्याला भरावीच लागणारी किमान रक्कम, 3, आणि उरलेले 30 कुठे जातात ते कळत नाही. कार्डावर 60 ची बाकी आहे, व्याज महिन्याला 3 टक्के. ऑफिसमधला एक जण दीड वर्षात पैसे दुप्पट करून देणारी स्कीम सांगतोय. "ताई, मला शिस्तच नाही का? की पगार अजून वाढेपर्यंत थांबू? पाच वर्षं वाया गेली त्याचं काय करू?" आणि खाली ताजा कलम, नवीन फोन घेऊ का.

हे बघ, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच शब्दाशी थांबले. "मोडले". ज्या माणसाला शिस्त नसते तो तीनदा सुरुवात करत नाही गं, एकदा करतो आणि सोडून देतो. तू तीनदा केलीस, म्हणजे साठवणं तुला येतं. साठवलेलं टिकत नाहीये, आणि या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचे उपायही वेगळे. स्वतःला बेशिस्त म्हणत राहिलीस तर चौथ्यांदाही तेच खातं काढशील, अजून कडक मनाने काढशील, आणि पुन्हा सात-आठ महिन्यांनी ते रिकामं करताना स्वतःचा राग राग करशील.

आता ती तीन कारणं जरा शेजारी शेजारी ठेवून बघ. लॅपटॉप बंद पडला, ते अचानक होतं, मान्य. गाडीचा विमा मात्र दर वर्षी त्याच महिन्यात येतो, त्याची तारीख पॉलिसीवर छापलेली असते. खोली बदलायची हे तुला दोन-तीन महिने आधी माहीत होतं असं तूच लिहिलंयस. मैत्रिणीच्या लग्नाची तारीख तर अर्धं वर्ष आधी ठरली होती. म्हणजे तीन वेळांपैकी खरी आणीबाणी एकच होती, आणि तेव्हा तुझ्या पैशांनी त्यांचं काम अगदी चोख केलं, कोणाकडे हात पसरावा लागला नाही, काम अडलं नाही. त्याला मोडणं का म्हणतेस? ते वापरणं होतं. बाकी दोन वेळा काय झालं, तर येणारच असलेला खर्च आला आणि त्याच्यासाठी वेगळी सोय नसल्यामुळे तो दिसेल त्या पैशांवर जाऊन बसला.

हे मला माझ्याच वहीने शिकवलं. नोकरीला लागल्यावर तिसऱ्या वर्षी मी खर्च लिहायला सुरुवात केली होती, साधी रेघांची वही, मागच्या पानावर एक मथळा, "अचानक खर्च", त्याच्याखाली लाल पेनाने दोन रेघा. वर्षभरात त्या पानावर अकरा नोंदी झाल्या. दातांचं काम, विमा, चष्मा, दोन लग्नं, घरी जायचं तिकीट, चपला, असं सगळं. पुढच्या वर्षी नवीन वही घेतली आणि जुनी शेजारी उघडी ठेवून बसले तर अकरातल्या नऊ नोंदी परत आल्या होत्या, बऱ्याचशा त्याच महिन्यात. मी त्या मथळ्यातला "अचानक" शब्द खोडला आणि वर "वर्षाचे" लिहिलं. त्या एका खोडाखोडीनंतर माझे साठवलेले पैसे पहिल्यांदा साठलेलेच राहिले. पगार तोच होता.

तर पहिलं काम हे, गेल्या बारा महिन्यांचं बँकेचं आणि कार्डाचं स्टेटमेंट काढ, सुट्टीच्या दिवशी दोन तास बस, आणि जे खर्च दर महिन्याला येत नाहीत पण वर्षातून एकदा-दोनदा येतातच ते सगळे एका कागदावर उतरव, विमा, फी, वाढदिवस, लग्नं, प्रवास, दुरुस्ती. बेरीज कर, बाराने भाग. जो आकडा येईल तो तुझा दर महिन्याचा खर्चच आहे, फक्त त्याची पावती दर महिन्याला येत नाही म्हणून तो दिसत नव्हता. तुझ्या पत्रावरून मला तो 6 च्या आसपास वाटतो. हे 6 वेगळ्या कप्प्यात जायला हवेत आणि ते वर्षभरात पूर्ण संपले तरी वाईट वाटून घ्यायचं नाही, ते संपण्यासाठीच आहेत. खर्च लिहून काढण्याची ही पद्धत काही आजची नाही, जपानमध्ये हानी मोतोको नावाच्या पत्रकार बाईंनी 1904 साली घरखर्चाची अशी वही छापून लोकांच्या हातात दिली, काकेइबो म्हणतात तिला, आणि आज ती जशी वापरतात तिच्यात आधीपासून ठरलेल्या गरजेचे खर्च वेगळे आणि अनपेक्षित खर्च वेगळे लिहितात. रकाना वेगळा झाला की दोन्ही पैसे एकमेकांत मिसळत नाहीत, इतकं साधं आहे ते. ॲप वापर, वही वापर, काहीही चालेल, पण हाताने लिहिलेलं जास्त लक्षात राहतं असा माझा अनुभव.

दुसरा कप्पा आणीबाणीचा. नोकरी जाणं, आजारपण, घरचा फोन येणं, लॅपटॉप. तहान लागल्यावर विहीर खणायला गेलं की माणूस क्रेडिट कार्डाकडेच जातो, तुझी 60 ची बाकी त्यातूनच झालीये असं तू लिहिलंयस. सगळीकडे सांगतात की तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम बाजूला हवी, आणि ते बरोबरच आहे, पण ज्याच्याकडे शून्य आहे त्याला हा आकडा ऐकूनच हातपाय गळाल्यासारखं होतं, म्हणून तू आत्ता फक्त पंधरा दिवसांच्या खर्चाचं बघ, म्हणजे तुझ्या हिशेबात 35. बाकीचं नंतर.

आणि तिसरा कप्पा लांबचा, दहा-वीस वर्षांनी लागणाऱ्या पैशांचा. त्यावर येते, पण आधी कार्ड, कारण मला तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटली आणि तू त्यावर दीड ओळ लिहिलीयेस.

महिन्याला 3 टक्के हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण व्याजावर व्याज धरलं की वर्षाचे ते जवळजवळ साडेबेचाळीस टक्के होतात. तू बाकीच्या 5 टक्के मिनिमम भरतेस ना, आता समज आजपासून कार्डावर एक पैसाही नवीन घेतला नाहीस आणि नुसतं मिनिमम भरत राहिलीस, तरी बाकी अर्ध्यावर यायला जवळजवळ 32 महिने लागतील. अर्ध्यावर, शून्यावर नाही. कारण भरलेल्या पाच टक्क्यांतले तीनेक व्याजातच जातात, आणि बाकी कमी झाली की मिनिममही कमी होतं, म्हणजे दर महिन्याला तू कमी कमी भरत जातेस आणि तुला वाटत राहतं की ओझं हलकं होतंय. साडेबेचाळीस टक्के खात्रीने देणारी गुंतवणूक तुला मिळणार नाही, म्हणून कार्डाची बाकी फेडणं हीच आत्ता तुला मिळू शकणारी सगळ्यात चांगली गुंतवणूक आहे, शेअर बाजाराचा प्रश्न त्यानंतर.

मग आधी कार्डच का नाही, आणीबाणीचे 35 कशाला, असं तुला वाटेल. हिशेबाने बघितलं तर तू बरोबर आहेस. पण हाताशी काहीच नसताना सगळं कार्डात भरलं आणि पुढच्याच महिन्यात काही निघालं तर तो खर्च परत कार्डावरच जातो आणि मग माणसाचा धीर सुटतो, हे मी खूप जणांच्या पत्रात वाचलंय. थोडं व्याज जास्त गेलं तरी चालेल, पण पायाखाली जमीन हवी.

आता ते 30, जे कुठे जातात कळत नाही. मी तुला ते सगळे साठव म्हणणार नाही, कारण तुझ्या वयात मित्रमैत्रिणी, सिनेमा, एखादा छान ड्रेस हे सगळं हवंच आणि ज्या बजेटमध्ये याला जागा नसते ते बजेट दोन महिन्यांत फाटतं. निम्मे घे. पगार ज्या दिवशी जमा होतो त्याच दिवशी, संध्याकाळच्या आत, 15 आपोआप बाजूला जातील अशी सूचना बँकेला देऊन ठेव, त्यातले 6 वर्षाच्या खर्चाच्या कप्प्यात आणि 9 आणीबाणीच्या. आणि आणीबाणीचं खातं शक्यतो दुसऱ्या बँकेत असू दे, त्याचं कार्ड घरी कपाटात, फोनवर त्याचं ॲप नको. मुद्दामहून एक दिवस उशीर लागेल इतकं ते लांब असावं, कारण खऱ्या अडचणीत एक दिवस थांबता येतं आणि रात्री अकरा वाजता आवडलेल्या बुटांना मात्र एक दिवस थांबवलं की निम्म्या वेळा ते नकोसे होतात. उरलेले 15 मोकळे, त्यांचा हिशेब मला नको, तूही ठेवू नकोस, हवे तसे उडव.

असं केलंस तर चार महिन्यांत आणीबाणीचे 36 होतात. मग तेच 9 आणि मिनिममचे 3 मिळून 12 कार्डात जाऊ देत, पाचेक महिन्यांत बाकी शून्य होते. तोपर्यंत कार्डावर नवीन काही नाही, ही अट मात्र कडक आहे, आणि "बिनव्याजी हप्ते" पण त्यातच धर, कारण हप्ता बिनव्याजी असला तरी पुढच्या पगाराचा तुकडा तू आजच खाल्लेला असतोस. त्यानंतर ते 12 परत आणीबाणीत, तीन महिन्यांचा खर्च होईपर्यंत, त्याला वर्ष-सव्वा वर्ष लागेल. हे वाचून तुला वाटेल किती हळू! पण दोन वर्षांनी तू 29 ची असशील, कर्ज नसेल, तीन महिने पगार आला नाही तरी खोलीचं भाडं जाईल. आज यातलं काहीच नाहीये.

"पगार वाढला की सुरू करते" याबद्दल. तुझा पगार दुप्पट झालाय आणि तरी 25 तारीख बदलली नाही, म्हणजे या प्रश्नाचं उत्तर तुझ्याच पाच वर्षांनी दिलंय. पण या विचारात एक खरी गोष्ट दडलेली आहे आणि ती मला आवडली. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी या दोन अभ्यासकांनी नेमकी हीच गोष्ट वापरली, लोकांना आज कमी पैशात भागवा असं सांगण्याऐवजी त्यांनी आधीच लिहून घेतलं की पुढच्या पगारवाढीतला ठरावीक हिस्सा थेट बचतीत जाईल. हातात येणारा पगार कधीच कमी झालेला दिसत नाही, त्यामुळे मनाला टोचत नाही. पहिल्या कंपनीत जे लोक यात आले त्यांची बचत पगाराच्या 3.5 टक्क्यांवरून 40 महिन्यांत 13.6 टक्क्यांवर गेली, 2004 साली त्यांनी हे छापलं, आणि थेलर यांना पुढे 2017 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तर तू पण असंच कर, पगारवाढीचं पत्र हातात येईल त्याच दिवशी, वाढलेला पगार खात्यात यायच्या आधी, बँकेतली ती सूचना बदलून टाक, वाढीतला निम्मा हिस्सा बचतीला आणि निम्मा तुझा. पगारवाढीपर्यंत थांबायचं नाही, पण पगारवाढ वायाही घालवायची नाही.

घरी पाठवतेस त्या 15 बद्दल तू जरा अपराधी स्वरात लिहिलंयस, जणू ते द्यायलाही हवेत आणि देतेस म्हणून साठत नाही असंही म्हणायचं नाहीये. अगं ते दे की. फक्त रक्कम ठरवून दे आणि घरच्यांना ती मोकळेपणाने सांग. तुझ्या हिशेबात खरा गोंधळ या 15 नी होत नाही, मधेच फोन आल्यावर पाठवलेल्या जास्तीच्या पैशांनी होतो. "मी दर महिन्याला एवढे पाठवणार, वर लागले तर एक आठवडा आधी सांगा" इतकं बोलायला हरकत नाही, आईवडिलांना हे समजतं, उलट ताकाला जाऊन भांडं लपवत बसलं की त्यांनाही वाटतं हिच्याकडे खूप आहेत. त्यांच्या आरोग्य विम्याचं काय आहे ते पण विचार, आणि तुझ्या स्वतःच्याही, कारण दवाखान्याचं एक बिल तिन्ही कप्पे एका दिवसात रिकामे करू शकतं.

ऑफिसमधल्या स्कीमपासून लांब राहा, हे मी जरा जोर देऊन सांगते. एक सोपा हिशेब शिकून ठेव, 72 ला वर्षाच्या व्याजदराने भागलं की पैसे दुप्पट व्हायला अंदाजे किती वर्षं लागतील ते कळतं. 6 टक्क्यांनी 12 वर्षं, 8 टक्क्यांनी 9. लुका पाचोली या इटलीतल्या गणितज्ञाच्या 1494 सालच्या पुस्तकातही हा नियम आहे, इतका जुना आहे तो. आता उलटं कर, दीड वर्षात दुप्पट म्हणजे 72 भागिले दीड, वर्षाला 48 टक्के, आणि दर इतके मोठे झाले की हा नियम जरा कमीच सांगतो, खरा आकडा 58 च्या वर जातो. कोणता प्रामाणिक धंदा दर वर्षी खात्रीने एवढं देईल? चार्ल्स पाँझी 1920 साली बोस्टनमध्ये 45 दिवसांत 50 टक्के नफा देतो म्हणायचा, सुरुवातीच्या लोकांना दिलेही, पण ते नंतर आलेल्यांचे पैसे होते आणि काही महिन्यांत सगळं कोसळलं. तुझ्या सहकाऱ्याला खरोखर पैसे मिळालेही असतील, त्याच्यावर मी संशय घेत नाहीये. तो लवकर आत गेलाय, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

वाया गेलेल्या पाच वर्षांचं म्हणशील तर, लवकर सुरुवात केली तर किती साठतं ते दाखवणारी चक्रवाढीची ती प्रसिद्ध कोष्टकं तू बघितलीस आणि घाबरलीस हे दिसतंय. लवकर सुरुवात केलेली बरी हे खरंच आहे. पण त्या कोष्टकांमुळे लोक एका चुकीच्या गोष्टीच्या मागे लागतात, सगळ्यात जास्त परतावा कुठे मिळेल याच्या. समज, दर महिन्याला 100 रुपये टाकलेस तर पहिल्या वर्षी 6 टक्के मिळाले काय आणि 12 टक्के मिळाले काय, फरक पडतो साधारण 40 चा. एक महिना हप्ता चुकला तर 100 चा. म्हणजे सुरुवातीच्या वर्षांत किती टक्के मिळाले त्यापेक्षा तू किती टाकलेस आणि काढले नाहीस यालाच जास्त किंमत आहे. टक्क्यांचा जोर पुढे कळतो, तेच 100 वीस वर्षं टाकत राहिलीस तर 6 टक्क्यांनी साधारण 46 हजार होतात आणि 12 टक्क्यांनी 99 हजाराच्या जवळपास. तेव्हा दुपटीहून जास्त. म्हणून पहिली दोन वर्षं कप्पे भरण्यात गेली तर काही बिघडत नाही, त्या वेळात लांबच्या गुंतवणुकीबद्दल वाच, खर्च किती लावतात ते बघायला शिक, कमी खर्चाचा आणि खूप कंपन्यांत विभागलेला फंड म्हणजे काय ते समजून घे. एक अपवाद, तुझी कंपनी निवृत्तीच्या खात्यात तुझ्या पैशांइतकी स्वतःची भर घालत असेल तर तेवढं मात्र आजच सुरू कर, ती भर सोडायची नसते. आणि पैसे नुसते बँकेत ठेवून द्यायचे हा पण कायमचा उपाय नाही, महागाई वर्षाला 6 टक्के धरली तर त्याच 72 च्या नियमाने 12 वर्षांत पैशांची किंमत निम्मी होते.

मित्रमैत्रिणींना नाही कसं म्हणायचं हेही तू विचारलंस. कारणं देत बसू नकोस, "या महिन्याचं माझं बाहेरचं झालं, पुढच्या महिन्यात नक्की" एवढं हसून सांग. मोकळे 15 संपले की हे वाक्य आपोआप खरं असतं त्यामुळे बोलायला जड जात नाही. एखादी तुझ्यासारखीच अडकलेली मैत्रीण असेल तर ती पण तुझ्याबरोबर सुरू करेल, आमच्या वेळी आम्ही दोघी दर महिन्याच्या एक तारखेला एकमेकींना फक्त "झालं" एवढा मेसेज करायचो, रक्कम कधी विचारली नाही, पण तो मेसेज पाठवायचा म्हणून तरी पैसे बाजूला जायचे.

आणि फोन. जुना चालतोय असं तूच लिहिलंयस, बॅटरी तेवढी दिवसभर टिकत नाही. आधी बॅटरी बदलून घे, ती वर्षाच्या खर्चात बसेल. नवा फोन तुझ्या पगाराच्या 40 चा आहे, तर मोकळ्या 15 मधले 4 दर महिन्याला बाजूला टाक, कप्प्यावर "फोन" असंच नाव लिही. दहा महिन्यांनी, म्हणजे कार्डाची बाकीही तोपर्यंत संपलेली असेल, दुकानात जा, त्यातून रोख भरून घे, आणि मला एक ओळ लिहून कळव कोणता रंग घेतलास.